आफ्रिकेत माल विकायला जाताना सेहतीचा हिशेब

परदेशी जाणारा कापड व्यापारी निघण्याआधी काय तपासतो? सॅम्पलचे तागे, दरपत्रक, बँकेचे कागद, तिकडच्या एजंटाचा पत्ता. सेहतीचे खाते मात्र कोरेच असते. 2017 साली माझा भाचा लागोस आणि कानो येथे तीन आठवडे राहून आला. कानोचा कंतिन क्वारी हा कापडबाजार पश्चिम आफ्रिकेतील मोठ्या बाजारांपैकी आहे. ऑर्डर चांगली मिळाली होती. घरी आल्यावर दहाव्या दिवशी त्याला ताप आला. जवळच्या डॉक्टरांनी साधा व्हायरल ताप समजून गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी मुलगा असंबद्ध बोलू लागला, तेव्हा मोठ्या दवाखान्यात रक्त तपासले. फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया निघाला. किडन्यांवर परिणाम होऊन डायलिसिस करावे लागले. अकरा दिवसांनी तो घरी आला, अल्हम्दुलिल्लाह. पण माल वेळेवर गेला नाही आणि ती ऑर्डर दुसऱ्याने नेली.

चूक एकट्या डॉक्टरांची नव्हती. मुलगा आफ्रिकेतून आला आहे, हे आमच्यापैकी कोणी त्यांना सांगितलेच नाही.

आपले लोक म्हणतात, "मलेरिया काय, तो तर आपल्याकडेही होतो." हीच गैरसमजूत घात करते. आपल्याकडे व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरम दोन्ही जाती आहेत. व्हायवॅक्सने माणूस हैराण होतो, पण सहसा दगावत नाही. नायजेरिया आणि आसपासच्या मुलखात बहुतेक सगळा मलेरिया फॅल्सिपेरमचा आहे, आणि त्यात मेंदू व किडनी दोन-तीन दिवसांत धोक्यात येऊ शकतात. जगातील मलेरियाच्या मृत्यूंपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक एकट्या नायजेरियात होतात. तिथला आपला एजंट ताप आला तरी दुसऱ्या दिवशी दुकानावर बसलेला दिसतो. लहानपणापासून वारंवार मलेरिया होऊन त्याच्या अंगात थोडीफार ताकद आलेली असते. आपल्या अंगात ती नसते, म्हणून त्याची बरोबरी करू नये.

हा मलेरिया पसरवणारा ॲनाफिलीस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. आपल्या भाषेत सांगायचे तर मगरिबपासून फजरपर्यंत. म्हणजे रात्रीची झोप सांभाळली की निम्मी लढाई जिंकली, आणि तिथे मच्छरदाणीला पर्याय नाही. मच्छरदाणी हा आमच्या धंद्याचा माल असल्याने दोन शब्द जास्त लिहितो. चांगल्या पॉलिएस्टर जाळीत एका चौरस इंचात साधारण 156 छिद्रे असतात. त्याहून विरळ असेल तर डास घुसतो, फार दाट असेल तर हवा येत नाही आणि गरमीने माणूस मध्यरात्री जाळी फेकून देतो. आता औषध लावलेल्या जाळ्या मिळतात, त्यावर बसलेला डास मरतो. काहींमध्ये औषध वरून चढवलेले असते, तर काहींमध्ये धागा काढतानाच पॉलिथिलीनमध्ये मिसळतात. टांझानियातील अरुशा येथे ए टू झेड टेक्स्टाइल मिल्सने 2003 साली जपानच्या सुमितोमो केमिकलचे हे तंत्र घेतले आणि आफ्रिकेतच अशा जाळ्या बनू लागल्या. ही जाळी 20 धुण्यांपर्यंत काम देते. साध्या साबणाने धुवावी, सावलीत वाळवावी; उन्हात औषध उडते. नवी जाळी पाकिटातून काढून एक दिवस सावलीत टांगावी, मग वापरावी. आणि झोपताना कडा गादीखाली खोचाव्यात. नुसती टांगलेली मच्छरदाणी म्हणजे दरवाजा उघडा ठेवून लावलेले कुलूप.

संध्याकाळी बाहेर बसायचे तर पूर्ण बाह्यांचा कुर्ता, पायजमा आणि मोजे घालावेत. पातळ मलमल किंवा व्हॉइल अंगाला चिकटले की डास आरपार चावतो; तंग विणीचे पॉपलिन, फिकट रंगाचे आणि ढगळ शिवलेले, हे उत्तम. उघड्या अंगाला डास पळवणारे मलम लावावे. त्यात डीटचे प्रमाण 20 ते 30 टक्के असेल असे पाहून घ्यावे. आता नमाजी माणसाची एक अडचण आहे, ती कुठल्याच पत्रकात लिहिलेली नसते. मगरिबला मलम लावले आणि इशाच्या वजूत हात, तोंड, पाय धुतले की मलम गेले. डासाला तर घोटा आणि पाऊल फार प्रिय. म्हणून प्रत्येक वजूनंतर अंग कोरडे करून मलम पुन्हा लावावे.

गोळ्यांबद्दल. जुने लोक क्लोरोक्विन खिशात घालून जात. आफ्रिकेतील फॅल्सिपेरमवर ती गोळी आता चालत नाही. आज मलेरिया टाळण्यासाठी तीन औषधे चालतात, कोणते घ्यायचे ते डॉक्टरांनी ठरवायचे. डॉक्सिसायक्लिन रोज एक, जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर चार आठवडे. मेफ्लोक्विन आठवड्यातून एक, दोन-तीन आठवडे आधीपासून आणि परतल्यावर चार आठवडे. ज्याला मिरगी किंवा मनाचा आजार झालेला आहे त्याने ते घेऊ नये. ॲटोव्हाकोन-प्रोग्वानिल रोज, परतल्यावर फक्त सात दिवस. परतल्यावर कशाला, असे माझ्या भाच्यालाही वाटले आणि त्याने विमानतळावर उतरताच डॉक्सिसायक्लिन बंद केली. जंतू आधी कलेजीत दबा धरून वाढतात आणि नंतर रक्तात उतरतात. पहिली दोन औषधे रक्तातल्या जंतूंना मारतात, कलेजीतल्यांना नाही. म्हणून ते बाहेर पडेपर्यंत पहारा चालू ठेवावा लागतो. रमजानमध्ये डॉक्सिसायक्लिन इफ्तारनंतर पोटभर खाऊन, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यावी. सहरीला घेऊन लगेच आडवे झाल्यास अन्ननलिकेला जखम होते. या गोळीने कातडी उन्हात लवकर भाजते, म्हणून डोक्यावर टोपी आणि अंगभर कपडे हवेतच.

औषधे इथूनच, पक्क्या बिलावर न्यावीत. तिकडे नकली मालाचा सुळसुळाट आहे आणि नकली तागा ओळखणारी आपली नजर नकली गोळी ओळखू शकत नाही.

पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या लसीत मात्र हयगय चालतच नाही. नायजेरिया, घाना येथे उतरताना तिचे पिवळे कार्ड दाखवावे लागते. परत येताना आपले सरकारही ते मागते, कारण हा रोग आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि कार्ड दहा दिवसांनंतर लागू होते. म्हणून तिकीट काढण्याआधी लस घ्यावी. 11 जुलै 2016 पासून एकच डोस आयुष्यभर चालतो; जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी ते फेकू नये. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

कानोकडे डिसेंबर ते जूनच्या कोरड्या दिवसांत जायचे असेल तर मेंदूज्वराचीही लस घ्यावी. ही तीच लस, जी हाजींना सक्तीची आहे. हज करून आलेल्यांनी आपले कार्ड काढून तारीख पाहावी. टायफॉइड आणि अ प्रकारच्या काविळीच्या लसी एकाच फेरीत उरकता येतात.

पाणी उकळलेले किंवा सीलबंद प्यावे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. सरबतातला बर्फ बहुतेकांना भोवतो, पाहुणचार नाकारणे जड जाते म्हणून. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या घोलाने असंख्य जीव वाचवले. जुलाबात रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर मात्र डॉक्टर गाठावा.

गोदामात खाण्याचे पदार्थ उघडे ठेवू नयेत. तिकडच्या उंदरांच्या लघवीतून लासा ताप होतो. 1969 साली नायजेरियातील लासा गावात तो प्रथम ओळखला गेला. रात्री भांडी झाकून ठेवण्याची ताकीद आपल्याला हदीसमध्ये आहेच.

आणखी एक गोष्ट कपडेवाल्यांना गंमतीची वाटेल. तिकडे एक माशी दोरीवर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर, विशेषतः शिवणीत, अंडी घालते. तो कपडा अंगात घातला की अळी कातडीत शिरते आणि गळवासारखी गाठ येते. उपाय साधा आहे. बनियन, लुंगी, रुमालासकट सगळ्या कपड्यांना दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री करावी, शिवणींवर जरा जास्त.

एवढे करूनही ताप येऊ शकतो. तिथे पोहोचून आठवडा उलटल्यानंतर, आणि परतल्यावर निदान तीन महिने, कुठलाही ताप मलेरियाच समजून त्याच दिवशी रक्त तपासावे. पहिली तपासणी कोरी निघाली तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, आणि गरज पडल्यास तिसऱ्यांदा. वेळेत कळले तर आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी काम होते, उशीर झाला तर आर्टेसुनेटची इंजेक्शने आणि दवाखान्याची खाट. माझा भाचा आजही कानोला जातो. आता परतल्यावर तो पाकिटात एक चिठ्ठी ठेवतो. त्यावर देशाचे नाव, गेल्याची आणि परतल्याची तारीख आणि घेतलेल्या गोळ्या लिहिलेल्या असतात. तशीच एक चिठ्ठी त्याच्या आईजवळ असते, कारण ताप डोक्यात गेलेला माणूस स्वतः काही सांगू शकत नाही.