दारूचे दुकान, गावाचे मत आणि गावाचे आरोग्य

दारूच्या दुष्परिणामांवर आजवर इतके लिहिले गेले आहे की, वाचकांना तो विषय पाठ झाला असेल. यकृत खराब होते, रक्तदाब वाढतो, घरात भांडणे होतात, हे पिणाऱ्यालाही माहीत असते. आज त्याविषयी थोडेच सांगून एका वेगळ्या बाजूकडे वळणार आहे. गावात दारूचे दुकान असावे की नसावे, हे ठरवण्यात गावकऱ्यांना कायद्याने काही अधिकार आहे का? आणि दुकान बंद झालेच, तर त्या आठवड्यात गावाने आरोग्याच्या दृष्टीने कोणती काळजी घ्यावी? या दोन प्रश्नांपैकी दुसरा सहसा कोणी विचारत नाही, आणि माणूस दगावतो तो तिथेच.

दुकान जवळ असण्याचा परिणाम

दारू जितकी सहज आणि स्वस्त मिळेल, तितकी ती जास्त प्यायली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने दारूचे नुकसान कमी करण्यासाठी जे प्रमुख उपाय सुचवले आहेत, त्यांत कर वाढवणे, जाहिरातींना बंदी आणि उपलब्धतेवर मर्यादा हे तीन आहेत. उपलब्धता म्हणजे दुकाने किती, कुठे आणि किती वेळ उघडी. थोडक्यात, परवान्याचा कागद हासुद्धा आरोग्याचाच कागद आहे.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी सुमारे पावणेसहा कोटींना उपचाराची किंवा मदतीची गरज आहे. 'थोडी घेतली तर औषध' या समजुतीलाही आता आधार राहिलेला नाही. दारूचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. बीअर म्हणजे दारू नव्हे, हाही गैरसमज आहे. ६५० मिलीलिटरच्या एका स्ट्राँग बीअरच्या बाटलीत साधारण ४० ग्रॅम अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या ३० मिलीलिटरच्या चार पेगांत तेवढेच असते.

परवाना देतो कोण?

पुष्कळ लोक सरपंचाला किंवा नगराध्यक्षांना विचारतात, 'तुम्ही या दुकानाला परवानगी दिलीच कशी?' वस्तुतः आपल्या राज्यात दारूचा परवाना ग्रामपंचायत किंवा नगरपालिका देत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तो राज्य उत्पादन शुल्क खात्यामार्फत दिला जातो. देशी दारूचे दुकान, वाईन शॉप, बीअर शॉपी, परमिट रूम या प्रत्येकाचा परवाना वेगळा असतो. शाळा, देवळे-मशिदी अशा ठिकाणांपासून ठरावीक अंतर ठेवावे लागते. गिऱ्हाइकाचे वय बीअर-वाईनसाठी किमान २१ आणि इतर दारूसाठी २५ वर्षे असावे लागते. हा नियम किती पाळला जातो, हे संध्याकाळी दुकानासमोर दहा मिनिटे उभे राहिल्यास कोणालाही दिसेल.

मग गावाच्या हाती काहीच नाही का? आहे. २००८ च्या शासकीय आदेशाने चालू दुकान बंद करण्याची रीत घालून दिली. गावातील एकूण महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के जणांनी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. शहरातील वॉर्डासाठीही अशीच तरतूद केली गेली. मतपत्रिकेवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्यांची चित्रे असतात. आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते पडली, तर जिल्हाधिकारी दुकान बंद करण्याचा हुकूम काढतात.

यातली मेख अशी की, निम्मी मते झालेल्या मतदानाची नव्हेत, तर यादीतील एकूण मतदारांची धरली गेली. गावात एक हजार महिला मतदार असतील आणि ७०० जणी आल्या, तरी आडव्या बाटलीला पाचशेच्या वर मते हवीत. म्हणजे जी बाई शेतावर गेली, माहेरी गेली किंवा नवऱ्याच्या भीतीने घरी राहिली, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीकडे जाते. काही गावांत बहुसंख्य आलेल्या बायका दुकानाविरुद्ध असूनही दुकान राहिले, याचे कारण हेच. मतदानाचा दिवस कापणीच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत येऊ नये, याची विनंती आधीच करावी. अशा नियमांत वेळोवेळी बदल होतात, विशेषतः शहरांच्या बाबतीत. म्हणून सह्या गोळा करण्याआधी उत्पादन शुल्क कार्यालयातून चालू नियम लेखी घ्यावा.

आदिवासी अनुसूचित क्षेत्रात तर १९९६ च्या 'पेसा' कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी ग्रामसभेला मादक पदार्थांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला आहे.

डॉक्टरचे म्हणणे कुठे मांडायचे?

इंग्लंडमध्ये दारू विकण्याचा, तसेच संगीत-नृत्याच्या कार्यक्रमांचा परवाना तिथली स्थानिक कौन्सिल देते. २००३ च्या कायद्यानुसार शेजारचे रहिवासी लेखी हरकत घेऊ शकतात आणि तिची सुनावणी होते. गुन्हे रोखणे, सुरक्षितता, उपद्रव टाळणे आणि मुलांचे रक्षण या चार कसोट्या तिथे लावतात. स्कॉटलंडने २००५ च्या आपल्या कायद्यात पाचवी कसोटी घातली, ती म्हणजे सार्वजनिक आरोग्य.

आपल्या रीतीत आरोग्याला असे वेगळे स्थान नाही, पण ते निर्माण करता येते. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. आशाताई आणि आरोग्य सेविका घरोघरी जातात. दारूमुळे कावीळ, पोटात पाणी, अपघात, मारहाण असे किती रुग्ण वर्षभरात झाले, याचा नुसता आकडा (नावे मुळीच नकोत) महिला सभेत व ग्रामसभेत वाचून दाखवावा. भाषणापेक्षा तो जास्त काम करतो.

आवाजाबाबतही असेच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीसाठी शासन वर्षात मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट देते, तेवढीच. बारमधल्या ऑर्केस्ट्राचा आवाज रात्रभर घरात येत असेल, तर तारीख-वेळ लिहून पोलिसांत तक्रार द्यावी. झोप मोडणे ही रक्तदाबाच्या रुग्णाला किरकोळ बाब नव्हे.

दुकान बंद झाल्यावरचे पहिले चार दिवस

आता सर्वांत महत्त्वाचे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर शरीर बंड करते. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, मळमळते, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, नसलेले किडे-माणसे दिसतात, ताप चढतो. घरचे म्हणतात, 'बाहेरचे काहीतरी झाले,' आणि भगताकडे नेतात. हा आजार उपचाराविना जीवघेणा ठरू शकतो. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जण बरे होतात. म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) दुकान बंद होण्याच्या आधीच रोज पिणाऱ्यांनी डॉक्टरांना भेटावे. आठ-दहा दिवसांच्या गोळ्यांनी दारू सुखरूप सोडवता येते.

२) पूर्वी फिट आलेली असेल, कावीळ असेल किंवा वय जास्त असेल, तर घरी प्रयोग न करता रुग्णालयात दाखल व्हावे.

३) 'नुसते सलाईन लावा' असा आग्रह धरू नये. अशा रुग्णाला आधी ब-१ जीवनसत्त्व द्यावे लागते. ते न देता ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होऊ शकते.

४) 'न कळत दारू सोडवा' अशा जाहिरातींतील पावडर जेवणात कालवू नये. दारू सोडवण्याच्या काही औषधांवर दारू पोटात गेल्यास रक्तदाब एकदम कोसळतो. औषध रुग्णाला सांगूनच द्यायचे असते.

५) दुकान बंद झाले की हातभट्टी डोके वर काढते. मिथेनॉलची विषारी दारू थोडीही पोटात गेली, तर दृष्टी किंवा जीव जाऊ शकतो. मालवणी येथे २०१५ मध्ये शंभरावर माणसे अशीच दगावली. दारू प्यायल्यानंतर धुरकट दिसणे, पोटदुखी, धाप ही लक्षणे दिसताच तासही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे आणि काय प्यायले ते खरे सांगावे.

फोनवरून सल्ल्यासाठी १४४१६ हा 'टेली-मानस'चा आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा क्रमांक विनाशुल्क आहे.

बंदीने सारे काही होते असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी आली आणि चोरट्या विक्रीच्या तक्रारींनंतर २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत १९९३ पासून ती टिकून आहे आणि तिथे गावोगावच्या लोकांची राखण व व्यसनींवरचे उपचार ही दोन्ही कामे चालू आहेत. मतपेटीने दुकान बंद होते, व्यसन बंद होत नाही. म्हणून सह्यांच्या कागदाबरोबरच गावात आणखी एक यादी करावी. कोणकोणत्या घरी उपचाराची गरज आहे, ती आशाताईंकडे गुप्तपणे द्यावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला मतदानाची तारीख आधी कळवावी. बाटली आडवी झाल्यावर माणूस उभा राहिला पाहिजे, आणि ती तयारी मतदानाच्या आधीच करावी लागते.