गाणं ऐकायचंय? बसा मग!

टोकियोच्या शिबुया भागात पिवळ्या-लाल रंगाची एक इमारत आहे. तळघर धरून नऊ मजले आणि सगळा पसारा गाण्यांचा! सीडी, विनाइल रेकॉर्ड, कॅसेट, कॉन्सर्टच्या डीव्हीडी, जे म्हणाल ते. हे टॉवर रेकॉर्ड्सचं दुकान. ज्या अमेरिकेत ही कंपनी जन्मली, तिथे २००६ मध्ये तिचं दिवाळं निघालं आणि दुकानांना टाळं लागलं. जपानची शाखा मात्र त्याआधीच मूळ कंपनीपासून वेगळी झाली होती. ती आजही सुरू आहे आणि तिच्या गिऱ्हाइकांत कॉलेजच्या पोरापोरींची संख्या काही कमी नाही.

बुलेट ट्रेन आणि रोबोंचा हा देश, आणि गाणी मात्र अजून प्लास्टिकच्या डबीतली? २०२३ सालीसुद्धा जपानी म्युझिक इंडस्ट्रीची अर्ध्याहून जास्त कमाई सीडी, रेकॉर्ड, डीव्हीडी अशा हातात धरता येणाऱ्या वस्तूंमधून झाली. इतर बहुतेक मोठ्या देशांत चित्र बरोब्बर उलटं आहे. ‘जुन्याची ओढ असते हो त्यांना’ म्हणून विषय संपवता येईल, पण मग खरी गंमत निसटते. या प्रेमामागे कायदा आहे, धंदा आहे, फॅन मंडळींचं वेड आहे आणि चक्क एक कप कॉफीसुद्धा आहे.

आधी पैशाचं बोलू

जपानमध्ये पुस्तकांप्रमाणेच नव्या सीडीची किंमतही कंपनी ठरवते आणि दुकानदाराला ती ठरावीक काळ पाळावी लागते. त्यामुळे नव्या अल्बमवर भला मोठा सेल लावून शेजारच्या छोट्या दुकानाचा गळा घोटता येत नाही. अल्बम महाग राहिला, साधारण तीन हजार येनच्या घरात, पण दुकानं तगली. परदेशी कलाकारांचे अल्बम बाहेरून आणलेले स्वस्त पडायचे, म्हणून जपानी आवृत्तीत एखादं जास्तीचं गाणं, शब्दांची पुस्तिका आणि कव्हरभोवती कागदाची उभी पट्टी असा जामानिमा आला. या पट्टीला म्हणतात ‘ओबी’. किमोनोवर बांधतात त्या पट्ट्याचंच हे नाव. सेकंडहँड दुकानात ओबी शाबूत असलेल्या रेकॉर्डचा भाव लगेच वर जातो.

पण विद्यार्थ्यांना कुठून परवडणार एवढं? त्यावर तोडगाही एका विद्यार्थ्यानंच काढला. १९८० मध्ये टोकियोच्या मिताका भागात त्यानं रेकॉर्ड भाड्यानं देणारं दुकान टाकलं. रेकॉर्ड घरी न्यायची, कॅसेटवर उतरवून घ्यायची, परत आणून द्यायची! सोनीचा वॉकमन १९७९ मध्ये बाजारात आलेलाच होता, त्यामुळे ती कॅसेट खिशात घालून गावभर हिंडता यायचं. बघता बघता अशी दुकानं देशभर पसरली. रेकॉर्ड कंपन्या अर्थातच भडकल्या. अखेर १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात बदल होऊन भाड्याच्या धंद्यालाही नियम लागले आणि कलाकारांना मोबदला मिळू लागला. पुढे १९८२ मध्ये जपानमध्येच विकायला आलेली सीडीसुद्धा अशीच भाड्यानं मिळू लागली. महागडी वस्तू आणि ती स्वस्तात ऐकायची सोय, दोन्ही शेजारी-शेजारी नांदले. स्पॉटिफाय तिथे पोचलं ते थेट २०१६ मध्ये.

कॉफी एक, कान अनेक

या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून जपानमध्ये एक भन्नाट जागा होती, ‘जॅझ किस्सा’. किस्सा म्हणजे आपल्याकडचा मित्रांत सांगायचा किस्सा नव्हे बरं का! जपानीत कॉफी हाउसला ‘किस्सातेन’ म्हणतात, त्याचं हे छोटं रूप. परदेशी रेकॉर्ड सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असायच्या. मग कॅफेच्या मालकानं त्या घ्यायच्या, उत्तम प्लेअर आणि स्पीकर लावायचे आणि गिऱ्हाइकानं एका कॉफीवर दोन-दोन तास बसून ऐकायचं.

योकोहामातलं ‘चिगुसा’ सुरू झालं १९३३ मध्ये. युद्धाच्या काळात जॅझ हे शत्रूचं संगीत ठरलं आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात चिगुसा रेकॉर्डसकट जळून गेलं. युद्धानंतर ते पुन्हा उभं राहिलं. पुढे जगभर नाव कमावलेली पियानोवादक तोशिको आकियोशी तरुणपणी इथे बसून रेकॉर्ड ऐकत ऐकत नोटेशन लिहून घ्यायची. शिकवायला कुणी नसताना एका पिढीनं जॅझ शिकलं ते असं, दुसऱ्यानं विकत घेतलेल्या रेकॉर्डवर! लेखक हारुकी मुराकामी यांनीही कादंबरीकार होण्याआधी, १९७४ मध्ये, टोकियोत ‘पीटर कॅट’ नावाचा जॅझ कॅफे काढला होता.

शिबुयातलं ‘लायन’ त्याहून जुनं, १९२६ चं. तेही युद्धात जळालं आणि १९५० मध्ये नव्यानं बांधलं गेलं. इथे वाजतं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत. भिंतभर उंच स्पीकर आणि रेल्वेच्या डब्यासारख्या सगळ्या खुर्च्या त्याच्याकडे तोंड करून मांडलेल्या. गप्पा मारायला बंदी, फोटो काढायला बंदी. आलात ना? मग बसा आणि ऐका. बाहेर जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या चौकांपैकी एक आणि आत ही शिस्त!

अशा जागांमुळे चांगल्या आवाजाची चटक लागली आणि तिथून ऑडिओवेड्यांची जमात तयार झाली. शेजाऱ्यांच्या फ्रिज-एसीमुळे विजेत गडबड होते आणि आवाजाची मजा जाते, म्हणून घरासाठी स्वतंत्र विजेचा खांब रोवून घेणारे महाभागही तिथे आहेत. हसू येतं खरं, पण गाणं नीट ऐकण्यासाठी एवढा खटाटोप करावासा वाटणं हे वेड काही वाईट नाही.

५८५ सीडींचं काय झालं?

आता या नाण्याची दुसरी बाजू. ‘एकेबी ४८’ हा मुलींचा प्रचंड लोकप्रिय ग्रुप. त्यांच्या सीडीसोबत कधी लाडक्या सदस्येशी हस्तांदोलन करण्याचं तिकीट मिळायचं, तर कधी ग्रुपच्या ‘निवडणुकी’त मत द्यायचा हक्क. जितक्या सीडी, तितकी मतं! मग एकेक फॅन एकाच गाण्याच्या डझनावारी सीडी घ्यायचा. २०१७ मध्ये फुकुओकाजवळच्या डोंगरात या ग्रुपच्या ५८५ सीडी फेकून दिलेल्या सापडल्या आणि फेकणाऱ्यावर पोलिसांनी कारवाई केली. त्या सीडी विक्रीच्या आकड्यात मोजल्या गेल्याच असणार. ऐकल्या किती गेल्या?

हे आपल्यालाही अनोळखी नाही. के-पॉप अल्बममधल्या फोटोकार्डसाठी एकाच अल्बमच्या दोन-तीन प्रती मागवणारी मित्रमंडळी मुंबई-पुण्यातही आहेत. आवडत्या कलाकाराला चार पैसे मिळावेत ही भावना खरीच आहे. पण चिगुसात एका रेकॉर्डवर कित्येक जण शिकले आणि इथे शेकडो सीडींवर कुणाचेच कान पडले नाहीत. सीडीचा खप आणि संगीताचं प्रेम या दोन गोष्टी एक नव्हेत, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार?

सुई अजून फिरतेय

म्हणूनच तिथल्या विनाइलच्या पुनरागमनाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला हवं. २०१० च्या सुमारास जपानमध्ये वर्षाला जेमतेम एक लाख रेकॉर्ड तयार व्हायच्या. २०२३ मध्ये हा आकडा २५ लाखांच्या वर गेला. १९८९ मध्ये रेकॉर्ड बनवणं थांबवलेल्या सोनीनं २०१८ मध्ये ते पुन्हा सुरू केलं. याला हातभार लावला तो इंटरनेटनंच. मारिया ताकेउची यांचं १९८४ चं ‘प्लास्टिक लव्ह’ यूट्यूबवर जगभर पोचलं, मिकी मात्सुबारा यांचं १९७९ चं गाणं २०२० मध्ये टिकटॉकवर गाजलं आणि ‘सिटी पॉप’च्या मूळ रेकॉर्ड शोधत परदेशी पोरं टोकियोच्या दुकानांत शिरली. या शैलीचे बादशहा तात्सुरो यामाशिता तर आपले अल्बम स्ट्रीमिंगवर देतच नाहीत. गाणं घडवण्यात वाटा नसलेल्यांनी त्यावर कमाई करावी, हे त्यांना पटत नाही. त्यांना ऐकायचं तर डिस्क हवीच.

आणि ती वाजवायला सुई हवी! ह्योगो प्रांतातली ‘जिको’ ही कंपनी एकेकाळी शिवणकामाच्या सुया बनवायची. आज ती जुन्या-नव्या रेकॉर्ड प्लेअरसाठी शेकडो प्रकारच्या सुया बनवते. रेकॉर्डची पहिली खाच ज्या लॅकरच्या तबकडीवर कोरली जाते, त्या तबकड्या बनवणारे जगात दोनच कारखाने उरले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यातला कॅलिफोर्नियातला आगीत खाक झाला आणि सगळ्या जगाची भिस्त जपानच्या नागानो प्रांतातल्या छोट्या कारखान्यावर आली. प्लेलिस्टला या साखळीची गरज नाही, रेकॉर्डला आहे. त्यातली एक कडी तुटली तर सगळंच थांबतं.

कॅफेंचंही तसंच आहे. मालक म्हातारे होतायत आणि पुढची पिढी गल्ल्यावर बसेलच याची खात्री नाही. चिगुसाही २००७ मध्ये बंद पडलं होतं. २०१२ मध्ये ते पुन्हा उघडलं ते चाहत्यांनी पुढाकार घेतला म्हणून. तिथे येऊन बसणारी माणसं होती, हेच त्या रेकॉर्डचं नशीब.

आपल्याकडे शिबुया नाही आणि ओबीवाली रेकॉर्डही नसेल. पण एक अल्बम, चार दोस्त आणि पाऊण तास फोन उलटा ठेवायची तयारी एवढं तर जमेल? स्पीकर कुणाचा का असेना!