धडधडतंय? धडधडू दे!

तुम्हाला कधी तुमचं हृदय ऐकू आलंय? रोमँटिक अर्थाने नव्हे हं! म्हणजे ऑफिसात एक्सेल शीट उघडून बसलोय, शेजारी कॉफी आहे, बॉस सुट्टीवर आहे, सगळं कसं मस्त चाललंय... आणि अचानक छातीत मासोळी उलटावी तसं काहीतरी होतं. एक ठोका चुकतो. क्षणभर सगळं शांत. आणि मग धाडकन पुढचा ठोका!

मला हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी हिंजवडीच्या ऑफिसात होते आणि आपण आता जाणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. वय वर्षं तीस. होम लोनचा पहिला हप्तासुद्धा गेला नव्हता.

मग निघाली टेस्टची वरात. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि चोवीस तास अंगावर मिरवायचा होल्टर मॉनिटर. निकाल काय, तर 'एक्टोपिक बीट्स'. बाकी हृदय ठणठणीत! डॉक्टर म्हणाले, हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं. त्यातले काही घाई करतात, वेळेआधीच येतात. त्यानंतर हृदय जरा थांबतं, तेवढ्यात त्यात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला जो 'चुकला' असं वाटतं, तो खरं तर लवकर आलेला असतो. निरोगी माणसांनाही हे होतं, अनेकांना कळतसुद्धा नाही.

मला कळतं. हाच माझा प्रॉब्लेम.

बऱ्याच जणांना यासाठी औषध लागत नाही. मी कॉफी कमी केली, रात्री लॅपटॉप लवकर मिटायला लागले. तरी प्रत्येक प्रेझेंटेशनच्या आधी छातीत ढोलताशा सुरूच. शेवटी कमी डोसची प्रोप्रॅनोलॉल सुरू झाली. हा 'बीटा ब्लॉकर' गटातला म्हातारा. १९६०च्या दशकात तो सर जेम्स ब्लॅक यांनी शोधला, आणि ब्लॅकना १९८८ साली नोबेल मिळालं. काम सोपं आहे. अ‍ॅड्रिनॅलिन हृदयाच्या दाराची कडी वाजवत असतं, ही गोळी त्या कडीवर हात ठेवते. ठोके आले तरी गोंधळ कमी.

फुकट काही मिळत नाही म्हणा! हातपाय गार पडायचे, रात्री रंगीबेरंगी स्वप्नं पडायची आणि जिना चढताना आपली गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जातच नाहीये असं वाटायचं. ट्रेडमिलवर घड्याळातला पल्स पूर्वीसारखा चढेना. पण जमलं हळूहळू.

आणि मग दिवाळी आली.

ताम्हिणी उतरून माणगाव, महाड करत मी पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीवर पोचले. आजी एकटीच असते तिथे. वय ब्याऐंशी, नजर घारीची. गोळ्यांची पट्टी तिच्या नजरेला पडू नये म्हणून मी बॅगेच्या तळाशी सारली आणि स्वतःला समजावलं, सुट्टीत कसलं टेन्शन आणि कसली गोळी? चार दिवस घेतलीच नाही.

चौथ्या रात्री दोन वाजता जाग आली ती हृदयाच्या आवाजाने. हे नेहमीचे दोन-चार चुकार ठोके नव्हते, घोडाच उधळला होता. चुलतभावाने गाडी काढली, वीसेक किलोमीटरवर महाड गाठलं. ईसीजी काढला. वेग जास्त आणि मधूनमधून तेच एक्टोपिक, बाकी काही नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "गोळी कुणाला विचारून बंद केलीत?"

त्यांनी सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. कडीवर हात ठेवला की घर जास्त कान देऊन ऐकायला लागतं. अचानक हात काढला की साधी टकटकसुद्धा ढोलासारखी वाजते. म्हणून बीटा ब्लॉकर एकदम बंद करायचा नाही. कमी करायचा तो डॉक्टरांच्या सांगण्यावरून, टप्प्याटप्प्याने. ज्यांना मुळात हृदयाचा आजार आहे, त्यांच्यासाठी तर असं एकदम थांबणं धोक्याचंच.

पहाटे परतलो तर आजी ओटीवर बसलेली.

"बाय, छातीत धडधडतंय नि मला सांगितलं न्हाईस?"

"अगं, घाबरशील म्हणून..."

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने मला धाकट्या काकाची गोष्ट सांगितली. आमच्या घरात त्याचा एकही फोटो नाही. १९७४ सालची भातकापणी. सात वर्षांचा पोरगा, पेंढ्यात हात घातला आणि लाल इंचू चावला. आधी मांत्रिक झाला. तोवर अंग घामाने निथळायला लागलं, हातपाय बर्फ झाले. "छातीवर हात ठिवला तर आत पाखरू फडफडावं तसं व्हत व्हतं," आजी म्हणाली. डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं, तेवढ्यात तोंडाला फेस आला. उजाडायच्या आत सगळं संपलं.

तिच्या लेखी छातीतली धडधड म्हणजे हे. आणि मी तिच्यापासून लपवत होते एक कटकट!

महाड-पोलादपूरमध्ये लाल विंचवाच्या अशा गोष्टी घरोघरी सापडतील. त्याचं विष शरीरातल्या नसा अशा पेटवतं, की अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या रसायनांचं वादळ उठतं. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर आले. लोक विंचूदंशाने का मरतात, हे त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून टिपून ठेवलं. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध यासाठी वापरलं. १९८६ साली 'द लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. गंभीर रुग्णांत पूर्वी तीस-चाळीस टक्के मृत्यू व्हायचे, ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आजीने मला विचारलं, "म्हंजी ही तुझी गोळी तवा असती, तर माझा पोर वाचला असता?"

काय उत्तर देणार? मी वाचलं, महाडच्या डॉक्टरांना पुन्हा विचारलं, मग तिला सांगितलं. नाही आजी. ही गोळी नाही. अ‍ॅड्रिनॅलिनला दोन प्रकारच्या कड्या असतात, अल्फा आणि बीटा. प्राझोसिन अल्फावर हात ठेवतं, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. माझी गोळी बीटावर. विंचवाच्या वादळात नुसती ही दिली असती, तर थकलेल्या हृदयाला उलट त्रासच झाला असता. दोन्ही गोळ्या म्हणजे चुलत बहिणी, पण एकीचं काम दुसरीला जमत नाही. आणि जी हवी होती, ती तोवर इथे कुणी वापरलीच नव्हती. तुझं काही चुकलं नाही.

आजीने पदराने डोळे पुसले. मग माझी बॅग ओढली, तळाशी हात घातला आणि पट्टी काढून माझ्या हातात ठेवली.

"तुला इंचू चावलाय का? न्हाई ना? मग गोळी घे नि झोप."

तेव्हापासून रोज रात्री नऊ वाजता पोलादपूरहून मिस्ड कॉल येतो. एक रिंग, बास. अलार्मपेक्षा पंक्चुअल! ठोके अजूनही अधूनमधून चुकतात. मी मनात म्हणते, या, बसा, तुमचा रिपोर्ट नॉर्मल आहे.

धडधडतंय? मग हे लक्षात ठेवा...

• 'काही नाही' असं आपणच ठरवू नका. एकदा ईसीजी आणि रक्ततपासणी करून घ्या. अ‍ॅनिमिया आणि थायरॉइडनेही धडधडतं.

• धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धाप लागली, व्यायाम करतानाच त्रास झाला किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर थांबू नका. लगेच डॉक्टरांकडे!

• अपुरी झोप, सिगारेट, दारू, कॉफी आणि डेडलाइन... संशयित हेच. प्रत्येकाचा गुन्हेगार वेगळा असतो, आपला शोधा.

• गोळी शेजारच्या डेस्कवर वाटू नका. दमा असणाऱ्याला बीटा ब्लॉकरने श्वासाचा त्रास होऊ शकतो, आणि मधुमेह असेल तर साखर उतरल्याची धडधड लपून राहू शकते.

• सुट्टी ऑफिसला असते. गोळीला नसते.