उपचारांची मात्रा आणि नियंत्रणशास्त्र

'नियंत्रण' हा शब्द कानी पडताच हुकूम, अंमल आणि जरब यांचे चित्र मनापुढे उभे राहते. म्हणून धूम्रपान सोडू पाहणाऱ्या किंवा वजन आटोक्यात आणू पाहणाऱ्या माणसाच्या उपचारांची आखणी नियंत्रण-अभियांत्रिकीच्या साहाय्याने करता येते असे सांगितले, की आता यंत्र माणसावर राज्य करणार, अशी धास्ती चांगल्या सुशिक्षितांनाही वाटते. ही धास्ती शब्दार्थाच्या घोटाळ्यातून उपजलेली आहे. अभियंत्याच्या परिभाषेत नियंत्रण म्हणजे परिणाम मोजणे, तो इष्ट स्थितीपासून किती दूर आहे हे पाहणे आणि त्या अंतराच्या मानाने पुढची तजवीज करणे. येथे कमीजास्त होते ती उपचाराची मात्रा.

अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठातील रासायनिक अभियंते डॅनिएल रिव्हेरा यांनी मायकेल प्यू आणि लिंडा कॉलिन्स यांच्यासह 2007 साली हा विचार मांडला, तेव्हा त्यांनी उदाहरण घेतले ते 'फास्ट ट्रॅक' या अमेरिकी उपक्रमाच्या धर्तीचे. ज्या मुलांचे वर्तन पुढे बिघडण्याचा संभव अधिक, त्यांच्या घरी समुपदेशकाने आठवड्याला जावे, पंधरवड्याला की महिन्याला, हा त्यातला प्रश्न. आईबापांची मूल सांभाळण्याची क्षमता ही जणू वखारीतली शिल्लक. समुपदेशकाच्या भेटी ही आवक आणि संसारातल्या ओढाताणीने होणारी झीज ही जावक. शिल्लक घटली तर भेटी वाढवाव्यात, पुरेशी झाली तर कमी कराव्यात, असा हा सरळ जमाखर्च आहे.

भेटी जितक्या अधिक तितका गुण अधिक, हा दुसरा गैरसमज. अनावश्यक भेटीने कुटुंबाचा वेळ जातो आणि ज्याला खरी निकड आहे त्याच्या वाट्याचा समुपदेशक अडकून पडतो. शिवाय परिणाम दिसायला विलंब लागतो. थंडीच्या दिवसांत न्हाणीघरातली गरम पाण्याची तोटी सोडावी, पाणी गारच येते म्हणून ती आणखी पिळावी आणि क्षणभराने हात पोळून घ्यावा, हा अनुभव कोणाला नाही? हा विलंब आधीच हिशेबात धरून मात्रा ठरवणे, हे या शास्त्राचे मोठे देणे आहे, असे मला वाटते.

वय, लिंग, वजन एकदा विचारून घेतले की उपचार वैयक्तिक झाला, हीही समजूत अपुरी आहे. एरिक हेकलर आणि रिव्हेरा यांच्या 'जस्ट वॉक' या प्रयोगात फारसे न चालणाऱ्या 20 प्रौढांना रोजच्या पावलांचे उद्दिष्ट दिले जाई, आणि ते मुद्दाम दररोज बदलते ठेवलेले असे. वरवर पाहणाराला तो लहरीपणा वाटेल; परंतु तो चढउतार गणिताने आखलेला होता, कारण उद्दिष्ट हलवल्यावाचून त्याला कोण कसा प्रतिसाद देतो हे उमगत नाही. एकाचे चालणे कामाच्या ताणाने खुंटते, दुसऱ्याचे सुटीच्या दिवशी. सर्वांची सरासरी काढली की नेमका हाच भेद पुसला जातो.

मात्र वीस माणसांचा प्रयोग म्हणजे सिद्ध झालेला उपचार नव्हे. त्याचा हेतू प्रत्येकाच्या वर्तनाचे गणिती प्रतिमान बांधण्यापुरता होता. आणि पुढे अशा प्रतिमानावरून मात्रा ठरवायची, तेव्हाही कमाल किती आणि किमान किती, ही मर्यादा आधी माणसांनीच घालून द्यावी लागते.