बंडखोर कापुआचा खुर्दा

इसवी सनपूर्व 216 मध्ये कान्नीच्या रणभूमीवर कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमन सैन्याची धूळधाण उडविली, आणि वैभवात इटलीत रोमच्याच खालोखाल गणल्या जाणाऱ्या कापुआ नगरीने, वाऱ्याची दिशा ओळखून, त्याच्याशी तह केला. आपल्या नागरिकांवर लष्करी चाकरीची सक्ती नसावी, कायदे व अंमलदार आपलेच असावेत, ही कलमे तिने त्या तहात घालून घेतल्याचे रोमन इतिहासकार लिव्हीने नमूद केले आहे. आणि या स्वायत्ततेची मोहोर उमटली ती टाकसाळीतून निघालेल्या काशाच्या खुर्द्यावर.

त्यांतले एक नाणे पाहावे. एका बाजूस पर्णमुकुट ल्यालेले ज्युपिटरचे दाढीधारी मस्तक, दुसरीकडे वज्रावर बसलेला गरुड, आणि स्थानिक ऑस्कन लिपीत उजवीकडून डावीकडे कोरलेली ‘कापु’ ही अक्षरे. लिपी खरोखरच बंडखोर आहे. हिशेब मात्र रोमचाच! 1957 पूर्वी आपल्या रुपयाचे जसे 16 आणे असत, तसे रोमच्या ‘आस’चे 12 उंकिया, आणि मूल्य दाखविण्यासाठी कापुआच्या नाण्यांवर एक खूण उंकियाची, दोन खुणा सेक्स्तान्सची. शेजारच्या आतेल्ला नगरीने, जी हॅनिबलच्याच पक्षास मिळाली होती, डुकराचे पिल्लू मध्ये धरून शपथ घेणारे योद्धे नाण्यावर कोरले. तशाच शपथविधीचे चित्र रोमच्या सुवर्णनाण्यांवरही आहे. राजनिष्ठा एका रात्रीत बदलता येते, बाजारातील वजनाची सवय बदलत नाही, असेच मला वाटते.

या नाण्यांची रासायनिक जबानी घेताना सावधगिरी लागते. इटलीतील त्या काळच्या काशात तांबे व कथील यांजबरोबर शिसेही पुष्कळ असे. त्याने वितळलेला रस साच्यात सहज पसरतो, परंतु घट्ट झालेल्या तांब्यात शिसे विरघळत नाही, त्याचे सूक्ष्म गोळे ठिकठिकाणी अडकून राहतात. शिवाय बावीस शतके मातीत पडलेल्या नाण्यावर हिरवट कीट चढते, ज्यात घटकांचे मूळ प्रमाण पार बिघडलेले असते. म्हणून क्ष-किरणांनी केवळ पृष्ठभाग तपासणारा फसतो, आणि कडेवरचा अंश खरवडून आतील निर्मळ धातू गाठावी लागते.

पुढे रोमने कापुआला वेढा घातला. इसवी सनपूर्व 211 मध्ये तो फोडण्यासाठी हॅनिबल थेट रोमच्या वेशीपर्यंत गेला, तरी वेढा उठला नाही. कापुआ शरण आली, तिच्या पुढाऱ्यांचा शिरच्छेद झाला, जमीन रोमने सरकारजमा केली, आणि टाकसाळ कायमची बंद पडली.