मऊ गादी आणि दुखणारी पाठ

आपल्या समाजातील घराघरांत आता पलंग आणि गादी आलेली आहे. ज्या पिढीने गोणपाटावर आणि ओल्या जमिनीवर रात्री काढल्या, तिच्या मुलांनी हप्त्याने का होईना, पण गादी घरात आणली ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु त्याबरोबर एक समजही आला आहे. हात ठेवताच खाली जाणारी जाड, मऊ गादी म्हणजेच चांगली गादी! हा समज तपासून पाहिला पाहिजे.

आमच्या वसाहतीत एका निवृत्त सफाई कामगाराच्या मुलाने आईवडिलांसाठी सहा इंची फोमची गादी घेतली. आठ दिवसांत वडील पुन्हा खाली सतरंजीवर झोपू लागले. मुलाला वाटले, आपल्या कष्टाच्या पैशाची यांना किंमत नाही. वडिलांना वाटले, पाठ दुखते म्हणून सांगितले तर मुलाचे मन मोडेल. दोघेही गप्प. वास्तविक दोष कोणाचाच नव्हता. पलंगाच्या पट्ट्या सैल होत्या आणि वरचा फोम फार मऊ होता, एवढेच.

पाठ का दुखते?

शरीराचा सर्वांत जड भाग कमरेचा. गादी फार मऊ असली की तो भाग खोल रुततो, खांदे आणि पाय वर राहतात. कणा रात्रभर झोळीसारखा वाकलेला राहतो. दिवसभर झाडू मारणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या माणसाच्या पाठीला रात्री तरी विसावा हवा, तोच मिळत नाही.

आधी दोष शोधा

गादी खाली जमिनीवर टाकून दोन रात्री झोपून पाहा. जमिनीवर आराम वाटला, तर दोष पलंगाचा आहे. जमिनीवरही कंबर रुतत असेल, तर दोष गादीचा आहे. ही परीक्षा फुकटची आहे आणि ती केल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नये.

दोष पलंगाचा असेल तर नवारीची पट्टी सोडून पुन्हा ताणून विणावी. लोखंडी पलंगाच्या पट्ट्या किंवा जाळी सैल झाली असेल तर गादीखाली प्लायवूड टाकावे. १२ मि.मी. जाडीचे पुरते. बाजारात ते ८ बाय ४ फुटांच्या तक्त्यात मिळते. त्यातून ६ बाय ३ चा तुकडा सुताराकडून कापून घ्यावा आणि कडा घासून घ्याव्यात. हवा खेळण्यासाठी फूटफूट अंतरावर भोके पाडून घ्यावीत, नाहीतर पावसाळ्यात गादीच्या खालच्या बाजूला बुरशी धरते. पातळ हार्डबोर्ड घेऊन पैसे वाचवू नयेत, तो वजनाने वाकतो.

दोष गादीचा असेल तर नुसती फळी उपयोगाची नाही. फळी खाली आणि रुतणे वर, असे होते. अशा वेळी गादीच्या वर घट्ट थर हवा. त्यासाठी आपल्या आयाबायांनी शिवलेली वाकळ किंवा गोधडी उत्तम. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून जवळजवळ टाके घातलेली वाकळ दबत नाही. ती पूर्ण पसरून, चारी बाजूंनी ताणून, गादीखाली खोचावी. पैसे असतील तर काथ्या आणि रबर यांपासून केलेली दोन इंची गादी वर टाकावी. ती फोमपेक्षा पुष्कळ घट्ट असते.

गादी दर तीन महिन्यांनी डोक्याकडून पायाकडे फिरवावी. दोन्ही बाजू सारख्या असतील तर उलटवावीही. कापसाच्या गादीला कडक ऊन दाखवावे, गोळे झाले असतील तर पिंजून घ्यावी. फोमला मात्र उघड्या उन्हात ठेवू नये, तो पिवळा पडून भुगा होतो. मध्येच कायमचा खड्डा पडला असेल तर कोणताच उपाय फार दिवस टिकत नाही.

अति कडकही नको

काही लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि नुसत्या फळीवर झोपतात. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांचा स्पेनमधील अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना कडक, तर काहींना मध्यम कडक गादी दिली होती. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता. मध्यम मार्ग येथेही कामास आला!

पौर्णिमेला अष्टशील पाळणारे उपासक-उपासिका त्या दिवशी उंच व विलासी शय्या टाळतात. तो संयमाचा अभ्यास आहे. रोज पाठ मोडून घ्यावी, असा त्याचा अर्थ नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाखाली कडक थर घालू नये, त्याने जखमा होतात. त्याला वरचेवर कुशीवर वळवावे. याउलट तान्ह्या बाळाला सपाट आणि घट्ट जागीच, उताणे झोपवावे. त्याच्याजवळ उशी किंवा सैल गोधडी ठेवू नये.

दुखणे पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, पायातील शक्ती कमी होत असेल किंवा ताप असेल तर गादीला दोष न देता डॉक्टरांकडे जावे. लघवी-संडासवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. दोरे-अंगाऱ्यात वेळ घालवू नये.

१९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्या काळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. कामगाराची विश्रांती हा त्याचा हक्क आहे, ही जाणीव त्यामागे होती. तो हक्क घरातही जपला पाहिजे.

त्या सफाई कामगाराच्या पलंगावर आता प्लायवूड आहे आणि फोमवर त्यांच्या पत्नीने शिवलेली वाकळ आहे. नवी गादी आली तेव्हा हीच वाकळ, पाहुण्यांना दिसू नये म्हणून, ट्रंकेत टाकली होती. बंधू-भगिनींनो, आपल्याही घरात एखादी वाकळ अशीच पडून असेल. ती बाहेर काढा, आणि वडीलधारी माणसे रात्री गुपचूप खाली का झोपतात, हे एकदा त्यांना विचारा.

जयभीम!