बर्लिनला शिकायला जायचंय? अर्ज स्वतः करा

बर्लिनच्या हुम्बोल्ट आणि टेक्निकल या दोन्ही युनिव्हर्सिटी सरकारी आहेत. तिथे बहुतेक अभ्यासक्रमांना शिकवणी शुल्क नाही, फक्त सत्राचं अंशदान भरावं लागतं. तरी आपल्याकडे अर्ज एजंटच्या हाती सोपवतात. ‘सल्ला मोफत’ म्हणणाऱ्या अनेक एजंटांचं कमिशन खासगी संस्थांकडून येतं, त्यामुळे फुकट शिकवणारी विद्यापीठं त्यांच्या यादीतून सहज गळतात, हे आधी ओळखा. ‘डाड’ (DAAD) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम मोफत शोधता येतात. भारतीय पदवीची कागदपत्रं एपीएस या पडताळणी केंद्राकडून तपासून घ्यायची आणि अर्ज ‘युनि-असिस्ट’ या अर्ज-सेवेमार्फत करायचा: पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रासाठी पुढच्या प्रत्येकाला ३०.

एक चूक झाली तर वर्ष वाया जाईल, ही भीती खरी आहे. पण मुदतीच्या दोन महिने आधी अर्ज केला, तर राहिलेला कागद जोडायला वेळ उरतो. शिवाय एजंटचं काम विमानतळावर संपतं, पुढे तुम्ही एकटेच. तीस हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात परीक्षेची नोंदणी तुम्हीच करायची असते, कुणी आठवण करून देत नाही. शहरात पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, करायची तर घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. खोली घेण्यापूर्वीच ‘सही देणार का?’ हे विचारा, कारण पुढची बरीच कामं त्यावर अडतात. सगळं स्वतः पाहण्याची सवय अर्ज भरतानाच लागते.

खर्च मात्र आहेच: व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ती तजवीज आधी करा.